'डॉक्टर, तुम्हीच मायबाप!'

'डॉक्टर, आम्हाला काय कळतंय? तुम्हीच मायबाप!' भोसरी, चिंचवड, चाकण भागातल्या डॉक्टरला हे वाक्य नवे नाही. त्यात विश्वास असतो, पण धोकाही असतो.

दुसऱ्याचे भले कशात आहे हे आपणच ठरवायचे आणि त्याला न विचारता ते त्याच्यावर लादायचे, या वृत्तीला इंग्रजीत 'पॅटर्नलिझम' म्हणतात. लॅटिनमध्ये 'पाटर' म्हणजे बाप. आपला 'पितृ' शब्दही त्याच कुळातला. आपण त्याला 'मायबापपणा' म्हणू.

वैद्यकात ही वृत्ती फार जुनी. रुग्णापासून बऱ्याच गोष्टी लपवाव्यात, असा सल्ला हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत सापडतो. 1847 साली अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने आचारसंहिता केली. रुग्णाने डॉक्टरची आज्ञा तत्काळ व निमूटपणे पाळावी, असे तीत होते. दुसऱ्या महायुद्धातील छळछावण्यांत कैद्यांवर झालेले प्रयोग उघडकीस आल्यावर, 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेने प्रयोगासाठी माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक ठरवली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले, की तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. रुग्ण सज्ञान असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर आईची संमतीही चालत नाही.

हे सारे कोर्टापुरतेच, असे समजू नका. मधुमेहाचा कामगार घ्या. डॉक्टर 'जेवणाआधी दोन वेळा गोळी' लिहितो आणि रुग्ण मान डोलावतो. पण त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. तिसऱ्या पाळीत डबा कधी खायला मिळेल याचा नेम नसतो. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी समोर प्रेस मशीन चालू असेल, तर बोटांवर बेतते. औषधाचे ज्ञान डॉक्टरला असते, पण पाळीचे, पगाराचे, ठेकेदाराचे ज्ञान रुग्णालाच असते. दोन्ही एकत्र आल्याशिवाय उपचार पुरा होत नाही.

मायबापपणा नेहमीच वाईट असतो असे नाही. बेशुद्ध रुग्णाचा जीव वाचवताना संमतीसाठी थांबता येत नाही. तान्ह्या बाळाच्या लसीचा निर्णय आईवडिलांनीच घ्यायचा असतो. मात्र शुद्धीत असलेल्या प्रौढ माणसाला लहान मूल समजणे योग्य नाही. 'यांना आजार सांगू नका' म्हणणाऱ्या नातेवाइकांनीही हे लक्षात घ्यावे.

वाचकहो, दवाखान्यात तीन प्रश्न जरूर विचारा: मला काय झाले आहे? दुसरा काही उपाय आहे का? काहीच केले नाही तर काय होईल? आणि आपली पाळी, जेवणाची वेळ व खर्चाची अडचण न विचारताही सांगा. त्यात डॉक्टरचा अपमान नाही. उलट त्याचे काम सोपे होते.