मालक नसलेली बँक

१७०२ साली माद्रिदमध्ये फ्रान्सिस्को पिकेर नावाच्या पाद्र्याने एका पेटीत चांदीचं एक नाणं टाकलं आणि गरिबांच्या अडीनडीसाठी निधी जमवायला सुरुवात केली. दागिना किंवा कपडालत्ता गहाण ठेवायचा, बिनव्याजी रक्कम न्यायची, सावकाराची पायरी चढायची नाही. 'मोंते दे पिएदाद' ही संस्था त्यातूनच उभी राहिली. १८३८ मध्ये तिच्या जोडीला बचत बँक निघाली. लोकांनी बँकेत पैसे ठेवायचे, ते मोंतेने गहाणावर कर्जाऊ द्यायचे. पुढे दोन्ही संस्था एक झाल्या आणि 'काहा माद्रिद' या नावाने स्पेनमधल्या सर्वांत मोठ्या बचत बँकांपैकी एक होऊन बसल्या.

स्पेनमधल्या अशा बँकांना भागधारकच नसत. त्यामुळे नफा वाटायचा तरी कुणाला? काही भाग राखीव निधीत जाई, उरलेला समाजकार्यात आणि संस्कृतीत. काहा माद्रिदने हे मनापासून केलं, हे मान्य करायलाच हवं. सान मार्तिन चौकात तिची 'कासा दे लास आल्हाखास' ही एकोणिसाव्या शतकातली इमारत होती. एके काळी इथे गहाण पडलेले दागिने ठेवत. पुढे तिथेच चित्रप्रदर्शनं भरू लागली. थिसेन संग्रहालयाबरोबर एकच प्रदर्शन दोन्ही ठिकाणी विभागून मांडायची प्रथा पडली. मोदिल्यानी आणि त्याच्या काळावरचं २००८ चं प्रदर्शन असंच होतं. सार्सुएला नाट्यगृहातल्या जर्मन गीतांच्या मैफलींना बँकेच्या प्रतिष्ठानचा पैसा होता. २००२ मध्ये मोंतेच्या एका जुन्या इमारतीत 'ला कासा एन्सेंदिदा' हे केंद्र सुरू झालं. त्याचं नाव कवी लुईस रोसालेस यांच्या संग्रहावरून घेतलेलं. एका गहाणपेढीने आपल्या वास्तूला कवितेचं नाव द्यावं, हे मला अजूनही आवडतं.

पण ज्या मोकळ्या जागेतून हे सगळं फुललं, तिथूनच कीडही शिरली. मालक नाही म्हटल्यावर संचालक मंडळात पक्षांचे, कामगार संघटनांचे, उद्योजकांचे प्रतिनिधी बसले. आपल्याकडे जिल्हा बँकेची निवडणूक ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला पुढचं सांगायला नको. १९९६ पासून अध्यक्ष असलेल्या मिगेल ब्लेसा यांच्या काळात बँक बांधकामाच्या कर्जांत खोल गेली. २००७ मध्ये तिने रेप्सोल कंपनीकडून नॉर्मन फॉस्टर यांनी आराखडा केलेला २५० मीटर उंच मनोरा ८१.५ कोटी युरोंना घेतला. २००९ मध्ये साध्या ठेवीदारांच्या गळ्यात ३०० कोटी युरोंचे 'प्रेफेरेंतेस', म्हणजे मुदत नसलेले जोखमीचे रोखे, मारले. त्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आयुष्यभराच्या पुंजीला कात्री लागली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात कास्तिया चौकात सान्तियागो कालात्रावा यांचा ९२ मीटर उंच सोनेरी स्तंभ उभा राहिला. बँकेच्या तीनशे वर्षांनिमित्त शहराला दिलेली ही भेट. त्यावरच्या शेकडो ब्राँझच्या पट्ट्या एका तालात हलतील आणि खांब वळतोय असं वाटेल, अशी त्याची रचना होती. देखभालीचा खर्च झेपेना म्हणून ती हालचाल लवकरच बंद पडली. उत्सवाला पैसा मिळतो, तेलपाण्याला मिळत नाही.

पुढचं फार भराभर झालं. काहा माद्रिद आणि आणखी सहा बचत बँका मिळून 'बांकिया' झाली. अध्यक्ष होते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे माजी प्रमुख रोद्रिगो रातो. २० जुलै २०११ रोजी शेअर बाजारात त्यांनी घंटा वाजवली तेव्हा भाव होता ३.७५ युरो. वर्ष सरायच्या आत, मे २०१२ मध्ये, सरकारने बँक ताब्यात घेतली. एकंदर मदत २,२०० कोटी युरोंच्या वर गेली. संचालकांनी छुप्या क्रेडिट कार्डांवर सुमारे १.२ कोटी युरो उधळले होते. त्या प्रकरणात २०१७ मध्ये ६५ जण दोषी ठरले, आणि २०१८ मध्ये रातो तुरुंगात गेले. २०११ च्या शेअर विक्रीत फसवणूक झाल्याच्या खटल्यातून मात्र २०२० मध्ये सगळे सुटले. कार्डं सापडली, पण बँक बुडवल्याचं उत्तर कुणालाच द्यावं लागलं नाही. जनतेचा बराच पैसा परत आलेला नाही.

२०२१ मध्ये बांकिया बार्सिलोनात जन्मलेल्या 'काइक्साबँक'मध्ये विलीन झाली. बँक गेली, पण प्रतिष्ठान 'मोंतेमाद्रिद' या नावाने राहिलं. कासा एन्सेंदिदा आजही त्याच्याच हाती आहे, आणि दागिने गहाण ठेवून कर्ज देण्याचं कामही.