घरच्या कॅमेऱ्याचें बटण कोणाच्या हातीं ?

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पुष्कळ घरांची स्थिति अशी आहे कीं, कर्तीं माणसें मुंबईस चाकरीला व वडील माणसें गांवीं. चाकरमानी चतुर्थीस किंवा नाताळांत येतो, चार दिवस राहतो व परत जातो. मागें घरास कुलूप तरी असतें, नाहीं तर घरांत वृद्ध आईबाप असतात. जातांना शेजाऱ्यास "घराकडे जरा लक्ष असूं द्या" असें सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आतां या रीतीच्या जोडीस एक लहानसा कॅमेरा आला आहे. तो ओटीवर किंवा माजघरांत भिंतीस लावतात, आणि मुंबईस बसलेला मुलगा मोबाइलवर मालवणचें घर पाहतो. ही सोय चांगली आहे, यांत शंका नाहीं. परंतु कोणत्याही यंत्राविषयीं जो प्रश्न प्रथम विचारावयास पाहिजे, तो या यंत्राविषयीं फारसा कोणी विचारीत नाहीं. हें यंत्र बंद कोठून करावयाचें, आणि बंद करण्याचा अधिकार कोणाचा ? प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम 'बंद' या शब्दाचाच अर्थ पाहूं. भिंतीवरील दिव्याचें बटण खालीं केलें कीं दिवा लागतो, वर केलें कीं विझतो. अमेरिकेंत याच्या उलट रीत आहे; तरी तेथील लोकांचें अडत नाहीं, कारण तेथें सर्वत्र तीच रीत आहे. कॅमेऱ्याचें मात्र इतकें सोपें नाहीं. त्याच्या बंद होण्याचे निदान चार प्रकार आहेत. पहिला, मोबाइलवरील ॲप मिटणें. यानें केवळ पाहणाराचे डोळे मिटतात. कॅमेरा पाहतच असतो. दुसरा, सूचना बंद करणें. यानें मोबाइलची घंटा वाजत नाहीं, परंतु चित्रण चालूंच राहतें. तिसरा, ॲपांतील बटणानें कॅमेऱ्यास निजविणें. यानें चित्रण थांबतें, पण यंत्र अर्धवट जागेंच असतें. कारण 'पुनः चालू हो' हा हुकूम त्यास ऐकूं यावा लागतो, व त्यासाठीं वीज आणि इंटरनेट दोन्ही लागतात. चौथा, प्लग काढणें. आंत बॅटरी नसेल तर हेंच खरें बंद. मग मुंबईहून कितीही वेळां बटण दाबलें तरी कॅमेरा उठत नाहीं. घरांतील माणसानेंच प्लग लावावा लागतो.

या बटणावरील चिन्ह विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल : वरच्या बाजूस तुटलेलें वर्तुळ व त्या फटींत उभी रेघ. रेघ म्हणजे १, अर्थात् चालू. वर्तुळ म्हणजे ०, अर्थात् बंद. आंतरराष्ट्रीय विद्युत् आयोगाच्या संकेतानुसार हें जोडचिन्ह पूर्ण बंद झाल्याचें नसून, यंत्र तयारींत थांबल्याचें आहे. निजलेल्या कॅमेऱ्यास हें चिन्ह अगदीं योग्य होय. परंतु गांवच्या आजीस त्याचा अर्थ कोणी तरी सांगावयास पाहिजे.

आतां हें बटण ॲपांत कोठें असतें तें पाहूं. कांहीं ॲपांत तें पहिल्याच पानावर कॅमेऱ्याच्या नांवाशेजारीं असतें. कांहींत चित्र उघडल्यावर त्याच्या खालीं दिसतें. आणि कांहींत सेटिंग्जच्या आंत दोन-तीन पानें उलटल्यावर सांपडतें. हा भेद क्षुल्लक नव्हे. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, लक्ष्य जितकें दूर व जितकें लहान, तितका तेथें हात नेमका पोंचण्यास वेळ अधिक लागतो. माजघरांत आजारी माणसाचे कपडे बदलावयाचे आहेत, अशा वेळीं तीन पानें उलटीत कोण बसणार ? जें बटण शोधावें लागतें, तें बहुधा दाबलेंच जात नाहीं.

तथापि बटण नुसतें जवळ असून भागत नाहीं; तें वेगळें ओळखूंही आलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे कांहीं वैमानिक जमिनीवर सुखरूप उतरल्यावर पंखांच्या फळ्या मिटण्याऐवजीं चाकेंच आंत ओढून घेत, व विमान पोटावर आपटे. आल्फन्स चापानिस या शास्त्रज्ञानें पाहिलें तों दोन्हीं कामांचे खटके सारखेच व शेजारीं शेजारीं होते. दोष वैमानिकाचा नसून मांडणीचा होता. चाकाच्या खटक्यास चाकासारखी व फळीच्या खटक्यास पाचरीसारखी मूठ बसवितांच हाताला भेद कळूं लागला. ॲपांतही छायाचित्र काढण्याचें, बोलण्याचें व कॅमेरा निजविण्याचें बटण एकाच आकाराचें व एकाच ओळींत असलें तर तीच गत होते. शिवाय बटणावर नुसतें 'बंद' लिहिलें असेल, तर कॅमेरा सध्यां बंद आहे, कीं दाबल्यावर बंद होईल, हें कसें समजावें ? 'कॅमेरा आतां पाहत आहे' असें स्पष्ट वाक्य चांगलें.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यांत वीज वारंवार जाते. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां ठिकठिकाणीं विजेचे खांब कोसळले व गांवेंच्या गांवें अंधारांत राहिलीं. अशा वेळीं मुंबईच्या मुलास पडदा काळा दिसतो. आईनें कॅमेरा निजविला, वीज गेली, कीं कांहीं विपरीत घडलें ? 'बंद केला आहे' व 'संपर्क तुटला आहे' या दोन गोष्टी ॲपानें निरनिराळ्या शब्दांत सांगितल्याच पाहिजेत; नाहीं तर पाहणारा एक तर उगीच घाबरतो, किंवा संवयीनें निष्काळजी होतो.

कोणी म्हणेल, बटण दडवून ठेवलेलेंच बरें. सहज सांपडलें तर चोर किंवा लहान मूल तें दाबील. या म्हणण्यांत तथ्य आहे. १६६४ सालीं ज्याच्या बांधकामास आरंभ झाला, त्या आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याचें महाद्वार तटाच्या वळणांत असें बसविलें आहे कीं, होडी अगदीं जवळ जाईपर्यंत तें दिसत नाहीं. शत्रूपासून दार लपविणें हें शहाणपण खरें. परंतु गडकऱ्यालाच दार सांपडेनासें झालें, तर तो गड नव्हे, तुरुंग होय. म्हणून बटण समोर असावें, व दाबल्यावर "खरोखर बंद करूं काय ?" असा एक प्रश्न यावा. मोबाइलास कुलूप असावें. एवढ्यानें दोन्हीं हेतु साधतात.

येथपर्यंत आम्ही बटणाच्या जागेविषयीं बोललों. आतां तें कोणाच्या हातीं असावें, हा मुख्य प्रश्न राहिला. न्यूयॉर्क येथील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नांवाच्या परिचारिकेनें पतीसह १९६६ सालीं घराच्या रक्षणासाठीं कॅमेऱ्याच्या योजनेचें पेटंट मागितलें. तें १९६९ सालीं मिळालें. दारांतील छिद्रांतून कॅमेरा बाहेरचा मनुष्य दाखवी, पडदा निजावयाच्या खोलींत असे, आणि दाराचा अडसर काढण्याची कळ घरांतील बाईच्याच हातीं असे. म्हणजे आंतलें माणूस बाहेर पाहत होतें. आज पुष्कळ घरांत याच्या उलट झालें आहे. कॅमेरा आंत पाहतो, पाहणारा बाहेर असतो, आणि जिच्याकडे पाहिलें जातें, त्या आईच्या हातीं कांहींच नसतें. कित्येक ॲपांत घरच्या दुसऱ्या माणसास चित्र पाहूं देतां येतें, पण बंद करण्याचा अधिकार मूळ खातेदाराकडेच राहतो.

ही उणीव कांहीं कंपन्यांच्याही ध्यानांत आली आहे. २०१९ सालीं गूगलनें आपले नेस्ट कॅमेरे चालू असतांना त्यांवरील दिवा विझविण्याची सोयच काढून टाकली. २०२३ सालीं रिंग कंपनीनें घरांतील कॅमेऱ्यास हातानें फिरवावयाचें झांकण दिलें. झांकणाचें महत्त्व पुढच्याच वर्षीं दिसून आलें. फेब्रुवारी २०२४ मध्यें वाइझ कंपनीच्या सुमारें १३,००० ग्राहकांस दुसऱ्यांच्याच कॅमेऱ्यांचीं चित्रें दिसलीं. झांकलेल्या डोळ्यांतून मात्र कोणाचेंच चित्र बाहेर जात नाहीं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं निर्णय दिला कीं, खासगीपणा हा जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. तथापि व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा, एखाद्या व्यक्तीनें आपल्या घरगुती कामासाठीं वापरलेल्या माहितीस लागू नाहीं. आई आणि मुलगा यांच्यामध्यें हा कायदा येत नाहीं. तेथें विवेकानेंच निवाडा केला पाहिजे.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, कॅमेरा शक्य तों खळ्याकडे व दाराकडे तोंड करून लावावा. आंत लावणें भागच असेल, तर घरांत राहणाऱ्या माणसास विचारून लावावा, व प्लग त्याच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवावा. त्यानें कॅमेरा बंद केला, तर जाब न विचारतां प्रेमानें फोन करून खुशाली विचारावी. विद्यार्थ्यांनीं या सुटींत एक काम करावें. आजीच्या शेजारीं बसून ॲप उघडावें, बंद करण्याचें बटण किती पायऱ्यांवर आहे तें मोजावें, तें तिच्या हातानें दोनदां दाबवून घ्यावें, आणि प्लगवर मोठ्या अक्षरांत 'कॅमेरा' अशी चिठ्ठी चिकटवावी. वडिलांचें रक्षण करणें हा मुलांचा धर्म आहे. परंतु रक्षण करितांना त्यांचा मान राखणें हाही त्याच धर्माचा भाग आहे.