बाईच्या परातीतलं विज्ञान

दर तीन वर्षांनी जुलैतल्या एका रविवारी मिस्सामध्ये मत्तयच्या शुभवर्तमानातला खमिराचा दाखला वाचला जातो. एक बाई तीन मापं पिठात खमीर मिसळते आणि सगळं पीठ फुगतं. देवराज्याची उपमा बाईच्या परातीतली! आणि तीन मापं म्हणजे थोडंथोडकं नाही हं, शंभरेक माणसांना पुरेल एवढं पीठ.

हे खमीर जिवंत असतं, हे तिला कुठून ठाऊक असणार? आंबणं हे सूक्ष्मजीवांचं काम, असं लुई पाश्चरने १८५७ मध्ये मांडलं. यीस्ट पिठातली साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि ते बुडबुडे चिकट पिठात अडकतात. गोव्याच्या सान्ना सुरेने फुगतात त्याही यीस्टमुळेच.

मंडळात हे सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, "बघा, बायबलात विज्ञान आधीपासून होतं!" मला नाही पटत. विश्व एका आदिम अणूतून सुरू झालं, असं १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः धर्मगुरू होते. पण आपला सिद्धांत बायबलचा पुरावा म्हणून वापरणं त्यांना मान्य नव्हतं. उद्या सिद्धांत बदलला तर?

आमच्याकडच्या एका मुलीने अकरावीला विज्ञान घेतलं आणि धर्मशिक्षणाला येणंच सोडलं. म्हणे, दोन्ही खरं कसं असेल? तिला लमेत्रांबद्दल सांगितलंय. रविवारी वर्गात बाटलीत कोमट साखरपाणी, यीस्ट आणि तोंडाला फुगा, एवढा प्रयोग तिनेच करून दाखवायचाय. येते म्हणालीय.