न दिसणारी कावीळ

काविळीचे नाव निघाले की आपल्या घरांतून पिवळे डोळे, पथ्याचे ताट आणि कोणा माहीतगाराने मंतरून दिलेली माळ, एवढेच चित्र उभे राहते. हेपॅटायटिस सी या विषाणूमुळे होणारा दीर्घकालीन यकृतदाह मात्र मुलांमध्ये बहुधा यांपैकी काहीच दाखवीत नाही. मूल जेवते, खेळते, शाळेत जाते. फार तर लवकर थकते. त्यामुळे या रोगाचा स्वाभाविक क्रम कळण्यास डॉक्टरांनाही बराच काळ लागला. १९८९ साली विषाणूची ओळख पटेपर्यंत त्याला ‘ए नव्हे, बी नव्हे’ असे नकारात्मक नावच चिकटले होते.

या क्रमावर चांगला प्रकाश टाकला तो जर्मनीतील एका अभ्यासाने. रक्तदात्यांची या विषाणूसाठी तपासणी तेथे १९९१ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४५८ जणांना सरासरी सुमारे २० वर्षांनी तपासले गेले. ६७ जणांच्या रक्तात प्रतिद्रव्ये आढळली. म्हणजे विषाणू कधी तरी शरीरात शिरला होता. पण त्यांपैकी ३० जणांच्या रक्तात तो आता उरलाच नव्हता! राहिलेल्या ३७ जणांत एकाच्याच यकृताची रक्तचाचणी बिघडलेली निघाली. ज्या १७ जणांच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यांत वाढती इजा तिघांनाच होती, आणि त्या तिघांच्या यकृतावर ताण आणणारे दुसरेही कारण होते.

मग पालकांनी निश्चिंत व्हावे काय? मला तसे वाटत नाही. वीस वर्षे हा यकृताच्या हिशेबी थोडाच काळ. बालपणी वा तरुणपणाच्या उंबरठ्यावर संसर्ग झालेल्या हजारावर ब्रिटिश रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील जवळजवळ एकतृतीयांश जणांना, संसर्गानंतर साधारण ३३ वर्षांनी, यकृताचा गंभीर विकार जडलेला होता. शाळकरी वयात शांत असलेला शत्रू ऐन कर्त्या वयात डोके वर काढतो.

आज मुलांना हा विषाणू मुख्यतः आईकडून, गर्भावस्थेत किंवा जन्मसमयी मिळतो. तोही शंभरांत पाचसहा बाळांनाच. आणि त्यांतील काही जण पहिल्या तीनचार वर्षांत आपोआप मुक्त होतात. आईची प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून त्याआधीच्या प्रतिद्रव्यांच्या चाचणीवरून बाळाला रोगी ठरवू नये. सुनेला हा संसर्ग आहे असे कळताच बाळाला अंगावरून तोडण्याची घाई वडीलधाऱ्यांनी करू नये. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत नसेल, तर दूध पाजण्यास हरकत नसते. एका ताटात जेवल्याने किंवा कुशीत घेतल्याने हा विषाणू पसरत नाही. दाढीचे पाते आणि दात घासण्याचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा असावा.

पूर्वी मुलांना कित्येक महिने त्रासदायक इंजेक्शने घ्यावी लागत. आता तीन वर्षांच्या मुलालाही पोटात घेण्याची औषधे देता येतात. आठ ते बारा आठवड्यांत शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक मुले बरी होतात. भारतात २०१८ पासून यकृतदाहाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत तपासणी व औषध विनामूल्य मिळते. तेथे मुलांच्या उपचाराची चौकशी अवश्य करावी.

बऱ्या झालेल्या मुलाच्या रक्तात प्रतिद्रव्ये मात्र बहुधा जन्मभर राहतात. पुढे नोकरीच्या वा लग्नाच्या वेळी कोणी ती चिठ्ठी पाहून बिचकले, तर दाखविण्यासाठी विषाणू नाहीसा झाल्याचा अहवाल घरी जपून ठेवावा.