कातडीतले विटकरी तेज

विषुववृत्तापासून दीड अंशाच्या आतच वसलेल्या सिंगापूर बेटावर ऊन कोणत्याही ऋतूचा मुलाहिजा ठेवीत नाही. येथील घड्याळ सूर्याच्या पुढे असल्यामुळे खरा मध्याह्न एकच्या सुमारास होतो, आणि त्या वेळी अतिनील किरणांचा निर्देशांक 11 च्या पलीकडे वारंवार जातो. अशा उन्हात जन्म काढलेले माझे एक चिनी स्नेही कपाळावरच्या, पॉलिशपेपरसारख्या खरखरीत चट्ट्याला म्हातारपणाची खूण समजून वर्षानुवर्षे अभय देत आले होते. डॉक्टरांनी त्याला अ‍ॅक्टिनिक केराटोसिस म्हटले, म्हणजे कर्करोग नव्हे, परंतु त्याच्या उंबरठ्यावर रेंगाळणाऱ्या पेशींची वस्ती. आणि प्रकाशानेच तिचा बंदोबस्त करण्याची तजवीज सांगितली, तेव्हा कुतूहलापोटी मीही बरोबर गेलो.

परिचारिकेने खपली हलकेच खरवडली, मलम लावले, वर पट्टी बांधली आणि आम्हांस तीन तास बसवून ठेविले. मग दिवे मालवून तिने जांभळसर वुड्‌स दिवा कपाळाजवळ धरला, तो काय, चट्टा विटकरी तेजाने उजळला. इतकेच नव्हे, तर शेजारच्या, वरकरणी निरोगी भासणाऱ्या कातडीतही दोन ठिपके पेटले! त्यानंतर तांबडा प्रकाश काही मिनिटे. स्नेही म्हणाले, मुंगळे डसावेत तशी आग होते.

यातील गंमत अशी की मलमात विष नसतेच. त्यातील द्रव्यापासून पेशी स्वतःच प्रोटोपॉर्फिरिन घडवितात. निरोगी पेशी त्यात लोह बसवून रक्तातील हीम बनवितात. बिघडलेल्या पेशी त्या कामात मागे पडतात, त्यांच्याजवळ कच्चा माल साचतो, आणि सुमारे 630 नॅनोमीटरचा प्रकाश पडताच तो प्राणवायूला चेतवून आपल्याच धन्याचा घात करितो. याच कुळातील दुसरा भाऊ मॅग्नेशियम धारण करून पानांतले हरितद्रव्य होतो, हे आठवले की मला रक्त आणि पालवी यांचे नाते नव्याने दिसते.

शोधाची कथा तर याहून रम्य. म्युनिकमध्ये प्राध्यापक फॉन टापायनर यांचा विद्यार्थी ऑस्कर राब अ‍ॅक्रिडिन रंगाचा परिणाम पॅरामीशियमवर पाहत होता. एकाच मात्रेने जीव कधी लवकर मरत, कधी तग धरीत. वादळी दिवसाच्या अंधुक उजेडात ते अधिक जगले, हे ध्यानात येताच प्रकाशाचा हात उघड झाला, आणि 1900 साली ते निरीक्षण प्रसिद्ध झाले. 1912 साली मायर-बेट्‌झ या डॉक्टराने स्वतःच्याच शिरेत हीमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतले, आणि उन्हात जाताच त्याचा चेहरा सुजून ओळखू येईनासा झाला. बावची लावून कोडाचे डाग उन्हास धरणारे आपले वैद्य औषध आणि उजेड यांची अशीच सांगड कितीतरी आधीपासून घालीत आले होते.

बाकीचा इतिहास थोडक्यात: 1990 साली कॅनडात केनेडी व पॉटियर यांनी पेशींकडून प्रोटोपॉर्फिरिन घडवून घेणारे द्रव्य कातडीवर लावण्याची रीत प्रसिद्ध केली, 1999 साली अमेरिकेने निळ्या प्रकाशासह तिला मान्यता दिली. सिंगापुरात मिडल रोडच्या जुन्या रुग्णालयाचा वारसा घेऊन 1988 साली मंडाले रोडवर राष्ट्रीय त्वचा केंद्र उघडले. येथे त्वचेचा कर्करोग मलयी व भारतीय यांच्यापेक्षा चिनी वंशीयांत अधिक आढळतो.

म्हणून सावळ्या वाचकाने गाफील राहावे असे मुळीच नाही. कपाळावर, कानाच्या पाळीवर वा टकलावर खरखरीत चट्टा महिनोन्‌महिने ठाण मांडून बसला, तर घरगुती लेप थोपीत न बसता त्वचारोगतज्ज्ञास दाखवावा.