तांब्याचा पत्रा व लोखंडी खिळा

पावसाळा सरला कीं खिडक्यांचे गज खरवडून त्यांस रंग देण्याचें काम घरोघर निघतें. कोंकणपट्टींत तर खाऱ्या वाऱ्यानें दाराची कडी पाहतां पाहतां खाऊन जाते. लोखंड पाण्यानें गंजतें, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु पाणी हें अर्धेंच कारण होय. पाण्याबरोबर हवेंतील प्राणवायु लागतो, आणि दोहोंच्या संगतीनें धातूच्या पृष्ठावर सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होतो. जेथें तो प्रवाह धातु सोडून पाण्यांत शिरतो, तेथें धातु झिजतो. या ज्ञानाचा एक मोठा धडा मनुष्यास जहाजाच्या तळाशीं मिळाला.

अठराव्या शतकांतील जहाजें लांकडी असत, व उष्ण समुद्रांतील किडे त्यांचे तळ पोखरून त्यांची चाळण करीत. म्हणून १७६१ सालीं इंग्रज आरमारानें ‘अलार्म’ नांवाच्या ३२ तोफांच्या जहाजास खालून तांब्याचे पातळ पत्रे ठोकले व तें वेस्ट इंडीजकडे धाडलें. १७६३ सालीं तपासणी झाली तेव्हां पत्र्यांखालचें लांकूड शाबूत निघालें. मात्र तांब्यास लागून असलेले लोखंडी खिळे जागोजाग झिजून गेले होते. कांहीं थोडे खिळे तेवढे जसेच्या तसे होते, व त्याचें कारण मोठें मौजेचें आहे. पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते, त्या कागदाचे तुकडे या खिळ्यांपाशीं अडकून राहिले होते. तेवढ्या कागदानें तांबें व लोखंड यांचा स्पर्श टळला होता. कोणा कामगाराचा आळस विज्ञानाच्या असा उपयोगी पडला!

दोन निरनिराळे धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस टेकले म्हणजे त्यांची जणूं विजेची बॅटरीच बनते. त्यांत लोखंड झिजतें व तांबें सुरक्षित राहतें. सर हंफ्री डेव्ही यांनीं या गोष्टीचा नेमका उलट उपयोग केला. समुद्रांत तांब्याचे पत्रेहि हळूहळू झिजत व त्यांपायीं आरमारास मोठा खर्च येई. तेव्हां १८२३ सालीं यावर उपाय शोधण्याचें काम रॉयल सोसायटीकडे आलें. डेव्ही तिचे अध्यक्ष होते. लोखंड खर्चीं पडून तांबें वांचतें, तर तांब्यास मुद्दाम थोडें लोखंड किंवा जस्त कां जोडूं नये? वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा चाळीस-पन्नास चौरस इंच तांबें राखतो, असें त्यांस आढळलें. १८२४ सालीं हा उपाय प्रत्यक्ष जहाजांवर करून पाहण्यांत आला. त्यांपैकीं ‘समरंग’ हें जहाज आपल्या कोचीनच्या गोदींत सागवानाचें बांधलेलें होतें.

तांबें खरोखरच झिजेनासें झालें. परंतु थोड्याच दिवसांत अशा जहाजांच्या तळांस शेवाळ व शिंपले यांचे थर बसूं लागले, जहाजें जड होऊन मंद चालूं लागलीं, आणि १८२५ पासून आरमारानें हे रक्षक तुकडे काढण्यास आरंभ केला. समुद्रांत विरघळणारें किंचित् तांबें या जीवांस विषासारखें असतें. तें विरघळणेंच थांबल्यावर त्यांस मोकळें रान मिळालें. डेव्हींचा सिद्धान्त चुकला नव्हता. तांबें झिजतें कीं नाहीं एवढेंच त्यांच्या प्रयोगानें विचारलें होतें, व तेवढ्याचें उत्तर खरें आलें. पुढें जहाजें लोखंडाचीं झालीं. तेव्हां लोखंड राखण्याचें काम जस्ताच्या ठोकळ्यांकडे व शिंपले दूर ठेवण्याचें काम तांबेंमिश्रित रंगाकडे, अशी वांटणी झाली, आणि ती आजतागायत चालूं आहे.

घरांतहि हा भेद पाहण्यासारखा आहे. जस्ती बादलीवर ओरखडा पडला तरी लोखंड लवकर गंजत नाहीं, कारण भोंवतालचें जस्त आधीं झिजतें. कथिलाचा मुलामा दिलेल्या डब्यावर मात्र बाहेरून चरा पडला कीं लोखंड अधिकच झपाट्यानें खाल्लें जातें. तेथें बळी लोखंडाचा पडतो.

कारखान्यांत धातूची परीक्षा करण्याची जुनी व खात्रीची रीत अगदीं साधी आहे. धातूची स्वच्छ पट्टी तोलून ती नळांत किंवा टांकींत टांगतात, कांहीं महिन्यांनीं काढून, गंज धुऊन पुन्हां तोलतात, व वजनांतील घटीवरून वर्षाची झीज काढतात. घाई असल्यास रंगविलेले तुकडे बंद पेटींत ठेवून ३५ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत शेंकडा ५ मिठाच्या पाण्याचें धुकें त्यांवर एकसारखें सोडतात. कोणता रंग अधिक टिकाऊ हें यावरून बरेंचसें समजतें. परंतु खऱ्या ऊन-पावसांत तो किती वर्षें टिकेल, हें त्यावरून सांगतां येत नाहीं. तराजूहि फसवूं शकतो. सारा पत्रा धड असून एकाच ठिकाणीं सुईएवढें भोंक पडलें, तर वजनांत फरक दिसत नाहीं, पण नळ मात्र फुटतो. म्हणून आतां कानास ऐकूं न येणारे ध्वनि धातूंतून सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून ठिकठिकाणची जाडी मोजतात.

आणि जेथें हात पोंचत नाहीं तेथें? अमेरिकेंत ओहायो नदीवर १९२८ सालीं बांधलेला एक झुलता पूल होता; त्याचें नांव सिल्व्हर ब्रिज. तो साखळीसारख्या जोडलेल्या पोलादी पट्ट्यांनीं तोललेला होता. १५ डिसेंबर १९६७ रोजीं सायंकाळीं, वाहनांची गर्दी असतां, तो एकाएकीं नदींत कोसळला व ४६ माणसें मेलीं. चौकशींत एका पट्टीच्या डोळ्यांत इंचाच्या दहाव्या भागाएवढी भेग सांपडली. सततचा ताण व गंज या दोहोंनीं मिळून ती पाडली होती, आणि सांधा उलगडल्यावांचून ती कोणासहि दिसण्याजोगी नव्हती. दुसऱ्याच वर्षीं तेथें पुलांच्या तपासणीचा कायदा झाला. त्याच नदीवर सेंट मेरीज येथें अगदीं तशाच घडणीचा दुसरा पूल होता. त्याचेहि सांधे तपासतां येत नव्हते. तो ताबडतोब रहदारीस बंद केला, व १९७१ सालीं पाडून टाकला.