गाय, मातीतले जिवाणू आणि बोअरचे पाणी

क्राइस्टचर्चबाहेर जमिनीचा तुकडा घेऊन राहणाऱ्या एका मित्राकडे गेलो होतो. घरात दोन महिन्यांची नात, आणि पाणी स्वतःच्या बोअरचे. "बाळाच्या दुधासाठी वीस मिनिटं उकळते हो," वहिनी म्हणाल्या. उकळल्याने जंतू मरतात हे खरे. पण नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण उलट वाढते.

हे नायट्रेट येते कुठून? इथल्या कुरणांत रायगवताबरोबर पांढरे क्लोव्हर असते. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून देतात, अगदी आपल्या हरभऱ्यासारखेच. त्यात युरिया खताची भर. गाय हे गवत खाते आणि त्यातला बराचसा नायट्रोजन मूत्रावाटे टाकते. मूत्र पडते तेवढ्या जागी हेक्टरी हजार किलोंपर्यंत या हिशेबाने त्याचा मारा होतो. गवताला एवढा पचत नाही. मग जिवाणू त्याचे आधी अमोनियम आणि पुढे नायट्रेट करतात. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते. नायट्रेट मात्र पावसाबरोबर खाली भूजलात उतरते.

हे काम नेमके करते कोण? लिंकन विद्यापीठातील हाँग डी, कीथ कॅमेरॉन आणि सहकाऱ्यांनी देशातल्या सहा ठिकाणची कुरणांची माती तपासली. अमोनियमवर जगणारे बॅक्टेरिया आणि आर्किया असे दोन गट मातीत असतात. नायट्रोजन भरपूर मिळताच वाढले ते बॅक्टेरिया, असे २००९ मध्ये त्यांनी दाखवले. याच बॅक्टेरियांना आवर घालणारे डीसीडी हे रसायन शेतकरी वापरू लागले होते. पण दूध पावडरीत त्याचे अंश सापडले आणि जानेवारी २०१३ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. मातीत टाकलेली वस्तू कुरणातच थांबत नाही, हा त्यातला धडा.

त्यानंतर भर आला तो मूत्रातला नायट्रोजनच कमी करण्यावर. त्यासाठी कुरणात प्लँटेन पेरतात. हे आपले भाजीचे केळे नव्हे, इसबगोलाच्या कुळातली वनस्पती! २०२१ मध्ये कुरणांवरच्या कृत्रिम नायट्रोजन खतालाही वर्षाला हेक्टरी १९० किलोंची मर्यादा घालण्यात आली.

पण आज जमिनीत उतरलेले नायट्रेट बोअरपर्यंत पोचायला कित्येक वर्षे लागू शकतात. म्हणून बोअर असलेल्या मंडळींनी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. इथली मर्यादा लिटरला ११.३ मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन. त्याहून जास्त असेल तर बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळे पडू शकते.

वहिनींनी दुसऱ्याच दिवशी नमुना पाठवला. अहवाल येईपर्यंत बाळाचे दूध शहरातून आणलेल्या पाण्यात.